संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल : शाळेचे दार घराकडे उघडणारे गुरुजी

दरवर्षी ७ एप्रिल रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांचे स्मरण करते. हा दिवस बहुधा प्रायश्चित्तकाळाच्या अखेरीस किंवा पुनरुत्थान सणाच्या आसपास येतो. त्यामुळे पवित्र सप्ताहाच्या धावपळीत या थोर संताकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पोप बारावे पायस यांनी १९५० साली त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, आणि शिक्षकांचे संत म्हणूनच आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या चरित्राचा अभ्यास करताना आम्हांला आणखी एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. शाळेत दिवसभर काय चालते हे गरिबाच्या घराला कळावे आणि गरिबाच्या घरात काय चालले आहे हे शाळेला कळावे, याचा या संताने तीनशे वर्षांपूर्वी बारकाईने विचार केला होता. आपल्या धर्मग्रामातील प्राथमिक शाळेत मुले पाठवणाऱ्या आईवडिलांनी आणि तेथे शिकवणाऱ्या शिक्षकांनी या दृष्टीने त्यांचे चरित्र पुन्हा एकदा वाचावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

श्रीमंत घरातील थोरला मुलगा

जॉन बॅप्टिस्ट यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी फ्रान्समधील रेंस या शहरात झाला. या शहरातील भव्य कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक होत असे. वडील लुई द ला साल हे तेथील न्यायालयात अधिकारी होते. आई निकोल मोए याही प्रतिष्ठित घराण्यातील होत्या. आजी लहानग्या जॉनला मांडीवर घेऊन संतांची चरित्रे वाचून दाखवीत असे. पुढे जो मनुष्य हजारो मुलांच्या हाती पुस्तक देणार होता, त्याचे वाचन असे घरातूनच सुरू झाले.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी धर्मगुरुपदाच्या दिशेने पहिले पाऊल टाकले. जानेवारी १६६७मध्ये, सोळावे वर्षही पूर्ण झालेले नसताना, त्यांना रेंसच्या कॅथेड्रलमध्ये कॅनन हे मानाचे पद मिळाले. या पदाला चांगले उत्पन्न होते आणि समाजात मोठा आदर होता. १६७० साली ते पुढील अभ्यासासाठी पॅरिसच्या सँ-सुल्पिस सेमिनरीत दाखल झाले. परंतु तेथे दोन वर्षेही पूर्ण झाली नाहीत. जुलै १६७१मध्ये आई वारली आणि पुढच्या एप्रिलमध्ये वडीलही देवाघरी गेले. एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या या तरुणावर दोन बहिणी आणि चार भाऊ यांची जबाबदारी येऊन पडली.

सेमिनरी सोडून ते घरी परतले. भावंडांचे शिक्षण, घराचा खर्च, वडिलोपार्जित मालमत्तेची व्यवस्था हे सारे त्यांनी स्वतः पाहिले. पालक या नात्याने त्यांनी ठेवलेला जमाखर्च आजही अभ्यासकांना उपलब्ध आहे. संतांच्या चरित्रात हिशेबाच्या वहीला काय महत्त्व, असे कोणी म्हणेल. आम्हांला मात्र ती वही महत्त्वाची वाटते. मूल वाढवायचे म्हणजे काय, दररोज किती लहानसहान गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते, हे या तरुणाने पुस्तकातून नव्हे तर आईबापाविना उरलेल्या घरातून शिकून घेतले होते. ही जबाबदारी सांभाळतच त्यांनी अभ्यास पुरा केला. ९ एप्रिल १६७८ रोजी, पवित्र शनिवारी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६८० साली त्यांनी ईशज्ञानात डॉक्टरेट संपादन केली.

दारात झालेली भेट

शाळा काढावी असे त्यांच्या मनात कधीच नव्हते. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक निकोला रोलाँ हे अनाथ व गरीब मुलींच्या शिक्षणासाठी धर्मभगिनींचा एक संघ चालवीत असत. १६७८ साली मृत्युशय्येवर असताना त्यांनी या संघाची काळजी जॉन बॅप्टिस्ट यांच्यावर सोपवली. पुढच्याच वर्षी, १६७९ साली, या धर्मभगिनींच्या मठाच्या दारात त्यांची भेट आद्रियाँ नियेल नावाच्या एका वयस्क गृहस्थांशी झाली. मूळच्या रेंसच्या, पण रूआँ शहरात राहणाऱ्या मादाम मायफेर या दानशूर बाईंनी नियेल यांना गरीब मुलग्यांसाठी मोफत शाळा काढण्याकरिता रेंसला पाठवले होते.

जॉन बॅप्टिस्ट यांनी पाहुण्याला घरी नेले, सल्ला दिला, आणि सँ-मोरिस धर्मग्रामात पहिली शाळा सुरू झाली. लवकरच दुसरी निघाली. नियेल यांना नव्या शाळा काढण्याचा उत्साह दांडगा होता, परंतु काढलेली शाळा नीट चालवणे त्यांना जमत नसे. शिक्षक अर्धशिक्षित होते. त्यांना वळण नव्हते आणि पगार तुटपुंजा होता. शाळेत मुले येत, पण त्यांच्या हाती फारसे काही लागत नसे.

हळूहळू ही काळजी जॉन बॅप्टिस्ट यांच्याकडे आली. त्यांनी शिक्षकांना प्रथम आपल्या घराजवळ भाड्याने जागा घेऊन दिली. मग त्यांना जेवायला आपल्या घरी बोलावले. अखेर १६८१ साली त्यांना आपल्या घरातच राहायला आणले. आरंभी या शिक्षकांना आपण आपल्या नोकराहूनही खालचे समजत होतो, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. ज्यांना आपण उंबऱ्याबाहेर ठेवले असते, त्यांच्याच पंगतीला त्यांनी स्वतःला बसवले. नातेवाईक संतापले. भावंडांना त्या घरातून काढून नेण्यात आले. १६८२ साली जॉन बॅप्टिस्ट यांनी ते वडिलोपार्जित घरच सोडले आणि शिक्षकांसह शहरातील एका साध्या घरात राहायला गेले.

सोडलेले पद, वाटलेली भाकर

तरीही शिक्षकांच्या मनातील भीती जात नव्हती. ही शाळा उद्या बंद पडली तर आपण काय खाणार, ही त्यांची चिंता होती. जॉन बॅप्टिस्ट त्यांना आकाशातील पाखरांची आणि शेतातील फुलांची आठवण करून देत, देवावर भरवसा ठेवा असे सांगत. त्यावर शिक्षकांनी त्यांना सरळच सुनावले की, ज्याच्यापाशी कॅननचे उत्पन्न आणि घरची श्रीमंती आहे त्याला देवावरील भरवशाच्या गोष्टी सांगणे सोपे असते.

हे बोल त्यांच्या जिव्हारी लागले, पण त्यांना त्यांचा राग आला नाही. शिक्षकांचे म्हणणे खरे आहे, हे त्यांनी मान्य केले. पॅरिसमधील व्रतस्थ धर्मगुरू निकोला बारे यांचा सल्ला घेऊन १६८३ साली त्यांनी कॅननपदाचा राजीनामा दिला. ते पद आपल्या सख्ख्या भावाला मिळावे अशी आप्तांची अपेक्षा होती. त्यांनी मात्र ते एका गरीब धर्मगुरूला दिले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मोठा दुष्काळ पडला. आपल्या वाट्याची संपत्ती शाळांच्या निधीत ठेवण्याऐवजी त्यांनी ती भुकेल्यांना भाकर वाटण्यात खर्च केली. आता ते आपल्या शिक्षकांइतकेच गरीब झाले होते.

यातून जो संघ उभा राहिला, त्याने ‘ख्रिस्ती शाळांचे ब्रदर्स’ हे नाव धारण केले. यातील ‘ब्रदर’ या शब्दामागे मोठा विचार आहे. हे शिक्षक एकमेकांचे भाऊ आणि शाळेतील मुलांचे थोरले भाऊ. ज्या तरुणाने स्वतः सहा भावंडांचा थोरला भाऊ म्हणून जबाबदारी उचलली होती, त्याला आपल्या शिक्षकांसाठी याहून योग्य नाव कोणते सुचणार?

त्या शाळेतील एक दिवस

१६८८ साली जॉन बॅप्टिस्ट पॅरिसला गेले आणि सँ-सुल्पिस धर्मग्रामाची शाळा त्यांनी हाती घेतली. पुढील वर्षांत अनेक शहरांतून त्यांना बोलावणे आले. या सर्व शाळांतील अनुभव एकत्र करून, ब्रदर्सशी वारंवार चर्चा करून, त्यांनी शाळा कशी चालवावी याविषयी एक मार्गदर्शक ग्रंथ तयार केला. त्याचे १७०६ सालचे हस्तलिखित उपलब्ध आहे आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १७२० साली, तो छापला गेला. हा ग्रंथ आज वाचला तर त्या काळच्या प्राथमिक शाळेचा सबंध दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो.

सकाळी मुले शांतपणे येऊन आपापल्या बाकावर बसत. बरोबर आणलेली न्याहारी शाळेतच खात. घरून न्याहारी आणावी असा आग्रह होता, कारण नीट बसून, प्रार्थना करून, सभ्यपणे कसे खावे हेही शाळेतच शिकवले जाई. वर्गात एक टोपली ठेवलेली असे. ज्याला आपल्यातली भाकर द्यावीशी वाटेल त्याने ती टोपलीत ठेवायची आणि ज्यांनी काहीच आणलेले नसेल त्यांना ती वाटायची, अशी पद्धत होती. देण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

त्या काळी बहुतेक ठिकाणी गुरुजी एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवीत आणि बाकीची मुले तोवर गोंगाट करीत बसत. जॉन बॅप्टिस्ट यांनी मुलांचे पातळीप्रमाणे गट पाडून सर्वांना एकाच वेळी शिकवण्याची पद्धत आपल्या शाळांत नियमाने रुजवली. एक मूल वाचत असताना बाकीच्यांनी त्याच ओळीवर लक्ष ठेवायचे. गुरुजींनी शक्यतो कमी बोलायचे आणि हातातील लहानशा साधनाच्या आवाजाने खुणा करायच्या. प्रार्थना सांगणारा, घंटा वाजवणारा, कागद वाटणारा, वर्ग झाडणारा, दाराशी उभा राहणारा, अशी कामे मुलांकडेच सोपवलेली होती. दिवसाच्या क्रमात धर्मशिक्षण होते, जपमाळ होती आणि मुलांना मिस्साला नेण्याचीही व्यवस्था होती.

वाचन आले की लेखन, मग अंकगणित. शुद्धलेखनासाठी मुलांना पावत्या, भाडेपट्टे, करारपत्रे अशा नित्याच्या कागदांच्या नकला करायला देत. यामागील दृष्टी आपण लक्षात घेतली पाहिजे. गरिबाच्या घरी कागद येतो तेव्हा बहुधा तो भीती घेऊनच येतो. घरमालकाचा, सावकाराचा किंवा सरकारचा कागद वाचून दाखवायला दुसऱ्याची मनधरणी करावी लागते. या शाळेतला मुलगा घरी जाऊन तो कागद स्वतः वाचू शकत असे. शाळेत काय शिकवले जाते हे अशा घराला वेगळे सांगावे लागत नसे, कारण त्याचा उपयोग घरातच दिसून येई.

घरच्या भाषेचा आग्रह

त्या काळी मुलांना प्रथम लॅटिन वाचायला शिकवण्याची रूढी होती. जॉन बॅप्टिस्ट यांनी ती मोडली आणि आपल्या शाळांत वाचनाचा आरंभ फ्रेंच भाषेतून केला. त्यांचे स्नेही असलेल्या शार्त्रच्या बिशपांना हा बदल पटला नव्हता. तेव्हा त्यांनी मुद्देसूद कारणे देऊन आपली बाजू मांडली. मुलाला जी भाषा मुळातच येते तिच्यातून वाचायला शिकणे सोपे असते. गरिबाचा मुलगा शाळेत थोडाच काळ राहतो. त्या थोड्या काळात लॅटिन अक्षरे जुळवण्यात वेळ गेला, तर तो ना लॅटिन शिकतो ना फ्रेंच, आणि शाळा सोडल्यावर धर्मग्रंथ वाचण्याचे सामर्थ्यही त्याला लाभत नाही.

आपल्या भूमीतही त्याच शतकाच्या आरंभी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण लोकांच्या भाषेत सिद्ध केले होते. श्रद्धा आणि विद्या घरच्या भाषेतून आली म्हणजे ती घरात टिकते, हे दोन्ही ठिकाणी दिसून आले. मुलाच्या हातातील पुस्तक आईला समजते तेव्हा तिला शाळेची खबर वेगळी विचारावी लागत नाही. मूल चुलीपाशी बसून मोठ्याने वाचू लागले की शाळाच घरात येते.

गैरहजर मुलाच्या दारी

आता आम्ही या लेखाच्या मुख्य विषयाकडे येतो. शाळेत मूल दाखल करायचे तर आईवडिलांनी, किंवा ज्यांच्याकडे ते राहते त्यांनी, स्वतः त्याला घेऊन यावे असा नियम होता. त्या वेळी त्यांच्याशी सविस्तर बोलणे होई. मुलाचे नाव आणि वय, आईवडिलांचे नाव व धंदा, राहण्याचे ठिकाण, दृढीकरण व प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला आहे की नाही, यापूर्वी कोणत्या शाळेत होता, या सर्वांची नोंद वहीत केली जाई. पत्ता लिहितानाही रस्ता कोणता, घर कोणते, इतके बारकाईने लिहिले जाई. शाळेच्या अपेक्षाही तेथेच आईवडिलांना सांगितल्या जात. त्यामुळे पहिल्याच दिवशी घराला शाळा कळे आणि शाळेला घर कळे.

गैरहजेरी हा त्या शाळांपुढील सर्वांत मोठा प्रश्न होता. यासाठी प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलांना एक खास काम दिलेले असे. आपापल्या वस्तीतील जी मुले त्या दिवशी आली नाहीत, त्यांच्या घरी जाऊन चौकशी करायची आणि गुरुजींना कळवायचे. मूल आजारी असेल तर त्याच्यापाशी बसायचे, त्याला धीर द्यायचा. जो मुलगा आज आला नाही त्याची कोणीतरी आठवण काढली आहे, हा निरोप त्या दिवशीच त्याच्या घरी पोहोचे.

गैरहजेरीची कारणे लिहिताना या ग्रंथाने कोणाचीही गय केलेली नाही. काही वेळा दोष मुलाचा असतो, काही वेळा आईवडिलांचा आणि काही वेळा खुद्द शिक्षकाचा. शिक्षक रुक्ष असेल, मुलांना आपलेसे करीत नसेल, किंवा केवळ कठोरपणानेच वागत असेल, तर मुले येणार नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शिक्षा त्या काळी सर्वत्र होत्या आणि या शाळांतही त्या होत्या. मात्र रागाच्या भरात शिक्षा करू नये, ती न्याय्य व प्रेमाने दिलेली असावी, अशी अनेक बंधने जॉन बॅप्टिस्ट यांनी तिच्यावर घातली.

आईवडिलांच्या बाबतीत त्यांची समज आणखी खोल होती. गरीब माणूस मुलाला शाळेत पाठवत नाही, कारण त्याला स्वतःला शाळा मिळालेली नसते आणि तिचे मोल त्याला कोणी सांगितलेले नसते. शिवाय मुलाच्या हाताने चार पैसे मिळत असतात. अशा बापावर ओरडून काही होत नाही. लिहिता-वाचता न आल्याने मुलाचे पुढे किती नुकसान होईल, कोणताही धंदा करताना त्याला कशी अडचण येईल, हे त्याला पटेल अशा रीतीने सांगावे, असे शिक्षकांना बजावलेले आहे.

वर्षाच्या अखेरीस प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गातील मुलांविषयी एक टिपण तयार करी. मुलाचा स्वभाव, त्याचे गुण आणि उणिवा, त्याच्याशी कसे वागले तर तो ऐकतो, घरी त्याच्याकडे कसे लक्ष दिले जाते, अशा गोष्टी त्यात असत. हे टिपण पुढच्या शिक्षकाला मिळे. मूल वरच्या वर्गात गेले तरी त्याची ओळख मागे राहत नसे.

आणखी एक नियम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ब्रदर्सनी मुलांकडून किंवा त्यांच्या आईवडिलांकडून कोणतीही भेटवस्तू घ्यायची नाही. शाळा पूर्णपणे मोफत होती. शिक्षकाने एकाच्या घरून काही घेतले की दुसऱ्याच्या आईला शाळेच्या दारात यायला संकोच वाटतो, ही गोष्ट कोणत्याही गावात, कोणत्याही काळी खरीच आहे.

सोसलेली दुःखे

अशा माणसाला विरोध कोण करील, असे आपल्याला वाटेल. पण त्यांच्या वाट्याला आयुष्यभर विरोधच आला. पॅरिसमध्ये फी घेऊन लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांच्या संघटनेने त्यांच्यावर वारंवार खटले भरले. मोफत शाळेत केवळ अधिकृतपणे गरीब ठरलेल्या मुलांनाच घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. जॉन बॅप्टिस्ट येणाऱ्या मुलांत असा भेद करायला तयार नव्हते. दारात आलेल्या आईला गरिबीचा दाखला मागणे त्यांना मानवणारे नव्हते. १७०४ साली न्यायालयीन निकाल त्यांच्या विरोधात गेले, शाळांतील सामान जप्त झाले आणि त्यांना दंड झाला.

ख्रिस्तसभेतूनही त्यांना दुःख सोसावे लागले. १७०२ साली पॅरिसच्या आर्चबिशपांनी त्यांच्या जागी दुसऱ्या धर्मगुरूची वरिष्ठ म्हणून नेमणूक केली. ब्रदर्सनी त्याला तीव्र विरोध केला. जॉन बॅप्टिस्ट मात्र नम्रपणे आज्ञा पाळायला तयार होते. काही जवळचे सहकारी सोडून गेले. पुढे एका तरुण धर्माधिकाऱ्याबरोबर शिक्षक-प्रशिक्षणाची योजना हाती घेतली असता त्या तरुणाच्या वडिलांनी त्यांच्यावर खटला भरला आणि त्यातही ते हरले. १७१२ साली निकाल लागला तेव्हा ते दक्षिण फ्रान्समध्ये होते. आपल्यामुळेच संघाचे नुकसान होत आहे की काय, अशी शंका त्यांच्या मनाला पोखरू लागली.

याच काळात ग्रनोबल शहरात एक घटना घडली. तेथील एका ब्रदरला त्यांनी कामानिमित्त उत्तरेकडे पाठवले. त्याचा वर्ग रिकामा राहू नये म्हणून साठी ओलांडलेले हे डॉक्टर, संघाचे संस्थापक, स्वतः लहान मुलांच्या वर्गात जाऊन अक्षरे शिकवू लागले. दुःखाच्या त्या दिवसांत मुलांच्या सहवासाने त्यांना किती आधार दिला असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

अखेर १ एप्रिल १७१४ रोजी पॅरिस व आसपासच्या प्रमुख ब्रदर्सनी त्यांना पत्र लिहिले. ज्या आज्ञापालनाचे व्रत त्यांनी स्वतः घेतले होते, त्याच व्रताच्या आधारे ब्रदर्सनी त्यांना परत येण्याची आज्ञा केली. ते परतले. १७१७ साली ब्रदर बार्थेलेमी यांची प्रमुख म्हणून निवड झाली आणि संस्थापक साध्या सभासदासारखे रूआँजवळील सँ-यों येथे राहू लागले. ७ एप्रिल १७१९ रोजी, उत्तम शुक्रवारी, त्यांनी देह ठेवला. जे काही घडले त्या सर्वांत आपण देवाच्या इच्छेला वंदन करतो, अशा आशयाचे त्यांचे अखेरचे शब्द होते.

त्या वेळी संघात सुमारे १०० ब्रदर्स होते. १७२५ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी संघाला मान्यता दिली. १८८८ साली जॉन बॅप्टिस्ट यांना धन्यवादित आणि १९०० साली पोप तेरावे लिओ यांनी संत म्हणून घोषित केले. आज हा संघ आणि त्याचे प्रापंचिक सहकारी सुमारे ८० देशांत शिक्षणाचे कार्य करीत आहेत.

आपल्या शाळांसाठी

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्या धर्मग्रामांतील प्राथमिक शाळा आपल्या पूर्वजांच्या कष्टांतून उभ्या राहिल्या. आज आपल्यातील किती आईवडील पहाटेच्या लोकलने कामाला जातात, किती जण वाडीत किंवा समुद्रावर राबतात. मूल शाळेत काय खाते, कोणाशेजारी बसते, कोणत्या विषयाला घाबरते, हे त्यांना कळायला वेळच मिळत नाही. पुष्कळदा शाळेकडून निरोप येतो तो फी थकल्याचा किंवा मुलाने खोडी केल्याचा. शाळेचा आवाज फक्त तक्रारीसाठीच ऐकू आला तर आईवडिलांच्या मनात शाळेविषयी भीतीच बसते. ज्यांना त्या भाषेतील सूचना वाचता येत नाहीत, ते तर पालकसभेला यायचेच टाळतात.

संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल आपल्याला शिकवतात की, मुलाच्या नित्याच्या दिवसाची बातमी घरी पोहोचवणे हे शाळेचे उरलेसुरले काम नव्हे. तो शिक्षणाचाच भाग आहे. आपल्या निबंधवजा चिंतनांत त्यांनी हा विचार श्रद्धेच्या पायावर उभा केला आहे. आईवडील दिवसभर पोटासाठी राबत असतात, म्हणून देवाने शिक्षकांना त्यांच्या जागी उभे केले आहे, आणि प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाला देवापुढे हिशेब द्यावा लागणार आहे. आम्हांला वाटते, ज्याला देवापुढे हिशेब द्यायचा आहे, त्याला तो मुलाच्या आईपुढे देताना जड जाऊ नये.

आज आपल्यापाशी साधने पुष्कळ आहेत. दैनंदिनी आहे, प्रगतिपुस्तक आहे, मोबाईलवर क्षणात जाणारा संदेश आहे. परंतु तो संदेश घरच्या माणसाला कळेल अशा भाषेत आहे का? त्यात सूचनांबरोबर मुलाच्या एखाद्या चांगल्या गोष्टीचाही उल्लेख आहे का? तीन दिवस न आलेल्या मुलाच्या दारी कोणी जाते का? आणि आपण आईवडीलही मुलाला घालताना जेवढ्या आस्थेने शाळेत गेलो, तेवढ्या आस्थेने पुढे कधी गेलो का? हे प्रश्न धर्मगुरू, व्यवस्थापक, शिक्षक आणि पालक या सर्वांनीच स्वतःला विचारण्यासारखे आहेत. आपल्या धर्मग्रामातील युवक आणि लहान ख्रिस्ती समूह यांनी मनावर घेतले, तर गैरहजर मुलाच्या घरी जाण्याचे ते जुने काम आजही सहज होऊ शकेल. त्याला पैसा लागत नाही. वस्तीची ओळख आणि थोडा वेळ पुरतो.

येत्या ७ एप्रिलला आपल्या शिक्षकांसाठी मिस्सामध्ये आवर्जून प्रार्थना करू या. प्रभू येशूने बालकांना आपल्याजवळ येऊ दिले आणि त्यांना घेऊन येणाऱ्या आयांनाही कधी दूर लोटले नाही. संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांच्या मध्यस्थीने आपल्या प्रत्येक शाळेचे दार मुलांसाठी जसे उघडे आहे, तसेच त्यांच्या आईवडिलांसाठीही सदैव उघडे राहो, हीच प्रभुचरणी विनम्र प्रार्थना.